बिनलेबलाचं लेबल

मी हिपहॉपचा डीजे आहे. हे वाक्य मोठ्यानं म्हटलं की समोरचा माणूस दोनांपैकी एक गोष्ट करतो. एक तर मुलाच्या वाढदिवसाची तारीख सांगतो, नाही तर आवाज कमी करायला सांगतो.

मी वाढदिवसाला वाजवत नाही. दोन टर्नटेबलांवर दोन तबकड्या ठेवून त्यांतून तिसरंच काहीतरी काढणं आणि संगणकावर ठेके जुळवून गाणी तयार करणं हा माझा धंदा आहे, आणि वीस वर्षं मी तो इमानेइतबारे करतोय. माझे बाबा वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले. ते लोकांना सांगतात, "मुलगा विजेच्या कामात आहे." हे अगदीच खोटं नाही. बिल तरी तसंच येतं.

तर अशा मी चव्वेचाळिसाव्या वर्षी स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. आमच्या धंद्यात तिला लेबल म्हणतात. या एका शब्दानं पुढे माझे जे हाल केले ते सांगणारच आहे, पण आधी बसबद्दल सांगायला हवं.

बस यायची होती साडेदहाला. पावणेबारा वाजले तरी मी बसस्थानकाच्या बाकावरच होतो. बाकाची एक फळी निघाली होती आणि तिच्या जागेवर मी होतो. वर कर्ण्यातून बाईंचा आवाज येत होता. दर दहा मिनिटांनी त्या कुठली ना कुठली गाडी उशिरा असल्याचं सांगत होत्या, आणि तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं की माझा पाय हलतोय. अकरा थांब्यांची नावं बाई एका श्वासात घेत होत्या, आणि "सुमारे चाळीस मिनिटे उशिराने" यातला 'चा' बरोबर तिथेच आपटत होता जिथे मी ड्रम ठेवला असता. चांगले चांगले रॅपर या जागेसाठी माझ्याकडे महिनामहिना झटतात.

मी उठलो आणि घोषणा-कक्षाच्या खिडकीशी गेलो. आत चष्मा लावलेल्या, पन्नाशीला टेकलेल्या एक बाई भिंतीवरच्या वेळापत्रकावर लाल पेन्सिलीनं काट मारत होत्या.

"माफ करा, तुम्ही रॅप करता का?"

"रॅक पार्सल ऑफिसच्या शेजारी," त्या मान न वळवता म्हणाल्या. "सामानाची पावती मात्र घ्या."

"रॅक नाही हो, रॅप. म्हणजे तालात बोलणं. यमक जुळवून."

आता त्यांनी मान वळवून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. माइकचं बटण बंद केलं. बंद झालंय का ते दोनदा तपासलं. मग ड्यूटीच्या तक्त्याखालून एक वही काढली आणि विचारलं, "असं?"

*येते म्हणाली, आली नाही. सुटते म्हणाली, सुटली नाही,*
*चार नंबरला उभी आहे तिची वेळ अजून झाली नाही…*

त्या वाचत राहिल्या आणि माझी बस माझ्या मागून निघून गेली. तिची घोषणा करायची राहिली, कारण घोषणा करणारी बाई मला गाणं ऐकवत होती. चोवीस वर्षांतली ही आपली पहिली चूक, असं बाईंनी मला नंतर बजावून सांगितलं.

मी फोनवर त्यांचा आवाज टिपून घेतला आणि तीन कंपन्यांचे उंबरे झिजवले. पहिल्या कंपनीतल्या मुलानं विचारलं, "वय?"

"एकोणपन्नास."

"फॉलोअर किती?"

"रोज सात-आठ हजार माणसं ऐकतात त्यांना."

"स्वखुशीनं?"

दुसऱ्या कंपनीनं आवाज आवडला म्हणून सांगितलं, फक्त तो एखाद्या तरुण मुलीकडून काढून घेता येईल का, असं विचारलं. तिसऱ्या कंपनीत मी दोन तास बसलो आणि शिपायानं येऊन सांगितलं की साहेब मागच्या दारानं गेले. माणसाच्या स्वाभिमानाला एक मर्यादा असते. माझी मर्यादा तिसऱ्या कंपनीच्या सोफ्यावर संपली. घरी येऊन मी जाहीर केलं की आता स्वतःचं लेबल काढणार, आणि पहिलं गाणं तबकडीवरच काढणार.

बायको शाळेत रसायनशास्त्र शिकवते. तिच्यासमोर काहीही जाहीर केलं की ती त्याचं पृथक्करण करते.

"तबकडी वाजवायचं यंत्र किती जणांकडे असतं?"

"प्रमाण वाढतंय."

"आपल्या इमारतीत?"

"एक."

"म्हणजे आपल्याकडे."

"सुरुवात घरापासूनच होते," मी म्हणालो. हे वाक्य म्हणताना जसं वाटलं होतं तसं ते ऐकू आलं नाही.

लेबलला नाव दिलं 'फलाट'. बाबा म्हणाले, "फलाट म्हणजे जिथे माणसं ताटकळतात ती जागा. दूरदृष्टीनं ठेवलंस."

नोंदणी कार्यालयात खिडकी क्रमांक सहा. माझ्या मागे अकरा माणसं. खिडकीतल्या लिपिकानं माझा अर्ज उलटासुलटा पाहिला.

"उत्पादन?"

"रेकॉर्ड लेबल."

"लेबल कागदी की प्लास्टिक?"

"तसलं नाही. संगीताचं."

"संगीतावर चिकटवता?"

"चिकटवत नाही हो. लेबल म्हणजे कंपनी. आम्ही रेकॉर्ड काढतो."

"रेकॉर्ड काढायचा अर्ज तळमजल्यावर," लिपिक म्हणाला. "जुनं असेल तर दोन आठवडे लागतात."

मी त्याला हिपहॉपचा इतिहास थोडक्यात सांगायला सुरुवात केली. माझ्या मागचा माणूस म्हणाला, "अहो, कागदी म्हणा आणि मोकळे व्हा. माझा पार्किंगचा तास संपतोय." तबकडीच्या मधोमध जी गोल चिठ्ठी असते ती कागदीच असते, अशी मी मनाची समजूत घातली आणि म्हणालो, "कागदी."

आठ दिवसांनी प्रमाणपत्र आलं. 'फलाट रेकॉर्ड्स. व्यवसाय: अभिलेखांवरील कागदी चिकटपत्रांची निर्मिती.'

बाबांनी ते दोन्ही हातांनी उजेडाकडे धरलं. "शिक्का सुरेख उठलाय," ते म्हणाले. माझ्या कुठल्याही कामाचं त्यांनी केलेलं हे पहिलं कौतुक, आणि ते शिक्क्याचं.

"बाबा, हे चुकलंय. दुरुस्तीचा अर्ज करतो."

"अजिबात करू नकोस. दुरुस्तीला मूळ प्रमाणपत्र जमा करावं लागतं. ते जमा केलं की व्यवसाय बंद समजतात. आणि बंद व्यवसायाच्या प्रमाणपत्रात दुरुस्ती होत नाही."

"हा कुठला नियम?"

"मीच टाईप केलाय," बाबा म्हणाले.

पंधरवड्यात तपासनीस आला. हातात पाटी, पाटीवर कागद. "डिंक कुठे ठेवता?" त्यानं दारातच विचारलं. ज्वलनशील पदार्थाचा प्रश्न होता. बायकोनं स्वयंपाकघराच्या कपाटातून मुलांच्या प्रकल्पासाठी आणलेली डिंकाची बाटली काढून दाखवली. तिचं तोंड वाळून बंद झालं होतं. "साठा अत्यल्प, झाकण घट्ट," असं त्यानं लिहून घेतलं. मग माझ्या खोलीत येऊन तो टर्नटेबलांसमोर बराच वेळ उभा राहिला. "यावर कापता?" मी म्हणालो, एका अर्थी कापतोच. त्यानं लिहिलं, "फिरती यंत्रे, दोन, उत्तम स्थितीत." वीस वर्षांत माझ्या टर्नटेबलांविषयी कुणी लेखी चांगलं बोललं असेल तर तेवढंच.

याच सुमारास कुठल्याशा यादीत आमचं नाव छापून आलं आणि एक मधवाला दारात उभा राहिला. त्याला दोन हजार बाटल्यांसाठी लेबलं हवी होती, माशीच्या चित्रासकट. मी त्याला सांगितलं की मी संगीतकार आहे. तो म्हणाला, "चालेल हो, चित्र साधं असलं तरी." जाताना मधाची एक बाटली ठेवून गेला, नमुना म्हणून. बाबा ती पुरवून पुरवून खात होते.

आता खोली. ध्वनिमुद्रणाला शांत खोली लागते आणि आमच्या घरात शांत अशी एकच जागा होती, ती म्हणजे बायको रागावलेली असताना तिच्या आसपासची. वरच्या मजल्यावर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले फोनकाका राहतात. आवाजाच्या विषयावर आपला शब्द शेवटचा, असं ते मानतात.

"आवाज म्हणजे पाणी," ते कमरेवर हात ठेवून म्हणाले. "फट दिसली की घुसलं. भिंतींना गाद्या लाव."

घरात होत्या तेवढ्या गाद्या मी भिंतींना लावल्या. बाबा फळीवर झोपायला लागले आणि चौथ्या दिवशी आपल्या कमरेचा इतिहास सांगायला लागले. गाद्यांनी भिंती खरोखरच गप्प झाल्या. पण जाड आवाज, ज्याला आम्ही बेस म्हणतो, तो भिंतीतून जातच नाही. तो जमिनीतून जातो. आणि आमच्या जमिनीखाली दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे.

डॉक्टर वर आले ते एका हातात मोजा घालूनच. दुसरा हात दारावर होता.

"तुमच्या त्या धुम्‌बरोबर माझ्या ट्रेमधली हत्यारं नाचतायत," ते शांतपणे म्हणाले. "एक पेशंट मघाशी तोंड उघडं टाकून उठून गेला. कापूस आतच आहे."

फोनकाका माझ्या मागून म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही छताला गाद्या लावा."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे, म्हणजे त्यांच्या दातांकडे, असं काही पाहिलं की काकांनी ओठ मिटले. अखेर तह झाला. दवाखाना दुपारी एक ते चार बंद असतो. त्या तीन तासांत मी पृथ्वी हलवली तरी चालेल.

राहिली बाईंची परवानगी. त्या सरकारी नोकर. बाहेर आवाज द्यायचा तर स्थानकप्रमुखांची हरकत नसल्याचं पत्र हवं. अर्जासोबत संस्थेचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. जोडलं. स्थानकप्रमुख म्हणजे पहिल्या खेपेला कशावरही सही न करणारा माणूस. तिसऱ्या खेपेला त्यांनी बाईंना आत बोलावलं.

"चिकटपत्राला आवाज कशाला लागतो?"

"मलाही तेच वाटलं होतं, साहेब," बाई म्हणाल्या.

त्यांनी विचार केला, आणि पत्र दिलं. 'सदर संस्थेच्या अभिलेखांकरिता कर्तव्याच्या वेळेबाहेर आवाज देण्यास हरकत नाही. मात्र कर्मचाऱ्याचे नाव कोणत्याही चिकटपत्रावर छापू नये.'

बाई ते पत्र घेऊन आमच्याकडे आल्या. मी ते दोनदा वाचलं. पहिली तबकडी, आणि गाणारीचं नाव नाही.

"नावाचं काय एवढं," त्या म्हणाल्या. "चोवीस वर्षांत मी कधी नाव सांगितलंय? प्रवाशांनी नोंद घ्यावी, एवढंच म्हणते. कुणाची घ्यावी, ते नाही." बोलता बोलता त्यांनी पत्राची घडी घातली. चौपदरी झाली, आठपदरी झाली, पुढे कागद वाकेना, तरी त्या बोटांनी दाबतच राहिल्या. शेवटी बाबांनी पत्र त्यांच्या हातातून अलगद काढून घेतलं, सरळ केलं आणि फाइलला लावलं. बाबांच्या हाती आलेला कागद फाइलला लागल्याशिवाय राहत नाही.

पुढचे पाच गुरुवार, बाईंच्या साप्ताहिक सुट्टीचे, दुपारी एक ते चार आम्ही काम केलं. मी ठेका केला तो बसच्याच आवाजांचा. दार आपटल्याचा, तिकिटाच्या यंत्राचा, गिअर बदलताना गाडी जी कुरकुर करते तिचा. बाई गाद्यांच्या मधोमध उभ्या राहून बोलायच्या. त्यांचा श्वास कधी कमी पडला नाही. अडचण एकच होती. दर कडव्याच्या शेवटी त्यांच्या तोंडून "धन्यवाद" निघून जायचं. मी थांबवायचो, त्या माफी मागायच्या, पुन्हा सुरू करायच्या, आणि शेवटी पुन्हा धन्यवाद. तिसऱ्या गुरुवारी मी तो ठेक्यातच बसवून टाकला.

बायको एकदा दाराशी उभी राहून ऐकत होती. हातात तपासायच्या वह्या होत्या. गाणं संपल्यावर ती वह्या घेऊन परत गेली. बऱ्याच वेळानं मी पाहिलं तर पहिल्याच वहीवर लाल पेन टेकवून बसली होती. त्या दिवसापासून तिनं यंत्र कुणाकडे आहे हे विचारणं बंद केलं.

गाणं कारखान्याला पाठवलं, सोबत प्रमाणपत्राची प्रत. तीनशे तबकड्या. एका बाजूला बाईंचं गाणं, दुसऱ्या बाजूला नुसता ठेका. मधल्या चिठ्ठीवर काय छापायचं त्याचा नमुना पाठवला: 'फलाट', गाण्याचं नाव, बस्स. वाचनालयाचं सभागृह ठरवलं, पत्रिका वाटल्या. प्रकाशनाला बारा दिवस असताना तीन खोकी आली. मी ती तिसऱ्या मजल्यावर स्वतः चढवली, कारण लिफ्टवाल्यानं वजनाचा नियम दाखवला.

पहिलं खोकं उघडलं. काळ्याभोर, चकचकीत तबकड्या. आणि प्रत्येकीच्या मधोमध पांढरं वर्तुळ. कोरं. दोन्ही बाजूंनी.

मी कारखान्यात फोन लावला.

"मधे काहीच छापलेलं नाही!"

"नाहीच छापलं," फोरमन म्हणाला. "तुमचं प्रमाणपत्र बघितलं ना आम्ही. तुम्ही स्वतःच लेबलवाले. आम्ही म्हटलं, आमच्यापेक्षा चांगली लावतील."

"मग परत छापून द्या!"

"तबकडीसोबतच दाबावं लागतं ते. परत करायचं तर चार महिने."

मी फोन ठेवला आणि खोक्यावर बसलो. खोकं पिचलं, तसा लगेच उठलो. सगळ्या शहरात कागदी लेबलांचा सरकारमान्य निर्माता एकच असेल आणि त्याच्याच मालाला लेबल नसेल, तर त्यानं काय करावं? मधवाल्याला तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती.

बाबांनी एक तबकडी काढली. फाइल धरावी तशी धरली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि त्या पांढऱ्या वर्तुळाकडे बघत राहिले.

"त्या साहेबांचं पत्र आण."

"तुमच्याच फाइलला आहे."

त्यांनी पत्र काढलं. एकदा वाचलं. दुसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं. आणि निवृत्तीनंतर त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला एक उजेड आला.

"'छापू नये' असं आहे," ते म्हणाले. "'लिहू नये' असं नाही."

"म्हणजे?"

"पस्तीस वर्षं मी पत्रं लिहिली. ज्याला बंदी घालायची असते तो 'छापू, लिहू अथवा अन्य कोणत्याही प्रकारे नमूद करू नये' असं लिहितो. हे कच्चं काम आहे." पत्र त्यांनी टेबलावर ठेवलं. "बाईंना बोलाव. पेन चांगलं घेऊन यायला सांग."

बाई आल्या. दोन दिवसांची रजा टाकून आल्या. बाबांनी जेवणाचं टेबल मोकळं करून त्यावर स्वच्छ चादर घातली. पण नाव लिहायचं कुठल्या बाजूला? दोन्ही बाजू सारख्याच काळ्या, सारख्याच कोऱ्या. ओळखायची खूण एकच: आतल्या कडेला कारखान्यानं सुईनं कोरलेले बारीक आकडे, आणि ते आमच्या घरात कुणालाच दिसेनात. शेवटी मी खाली गेलो. दातांचे डॉक्टर कपाळावरचा दिवा आणि डोळ्यांचं भिंग घेऊन वर आले, टेबलाच्या टोकाला बसले आणि एकेक तबकडी उजेडात तिरकी करून निदान सांगू लागले. "ही वरची बाजू. ही वरची. हिला उलटी करा. हिच्यावर थोडी धूळ आहे, जपायला हवं."

पहिली तबकडी बाईंसमोर आली. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"पूर्ण नाव लिहू?"

"पूर्ण," बाबा म्हणाले. "अर्जावर लिहितात तसं."

त्यांनी लिहिलं. स्वतःचं नाव, मग आईचं, मग आडनाव. सरकारी कागदावर मधे आईचं नाव नसतं. बाबांनी हरकत घ्यायला तोंड उघडलं, बाईंच्या हाताकडे पाहिलं आणि मिटलं. पहिली दहा नावं त्यांनी परीक्षेला बसल्यासारखी लिहिली. पन्नासाव्याला अक्षर सैल झालं. शंभराव्यानंतर आडनावाच्या शेवटी एक शेपूट फुटली, ती त्यांनाच आवडली असावी, कारण पुढे प्रत्येक वेळी आली. बाबांनी सगळ्या तपासल्या आणि सहा तबकड्या "अनुस्वार राहिलाय" म्हणून परत पाठवल्या.

दोनशे नव्वदाव्या तबकडीला माझ्या लक्षात आलं की माझं नाव कुठेच नाही. मी ते सहज बोलल्यासारखं बोलून दाखवलं. सगळे माझ्याकडे, आपण याला ओळखतो का, अशा नजरेनं पाहायला लागले.

"ठेक्याच्या बाजूला जागा आहे," बायको म्हणाली.

मग मी बसलो. तीनशे वेळा. साठाव्या तबकडीनंतर हे नाव माझंच आहे का, अशी शंका यायला लागली. डॉक्टर म्हणाले माझं अक्षर औषधाच्या चिठ्ठीसारखं आहे. त्यांच्या तोंडी ती स्तुती होती.

प्रकाशन रविवारी संध्याकाळी पाचला. सभागृहात त्रेचाळीस माणसं. त्यांतले तीस स्थानकावरचे चालक आणि वाहक, गणवेशात, कारण काहींची ड्यूटी साडेसातला होती. बाबा दाराशी टेबल मांडून तबकड्यांच्या मागे बसले होते. पाच वाजून पाच मिनिटांनी स्थानकप्रमुख आले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात त्या पत्राची स्थळप्रत. त्यांनी एक तबकडी उचलली, नाव वाचलं.

"नाव आहे."

"आहे," बाबा म्हणाले.

"माझ्या पत्रात स्पष्ट म्हटलंय."

"छापू नये, असं म्हटलंय. छापलेलं नाही. आपण अक्षर बघा, शाई बघा. चिकटपत्र तर नाहीच."

साहेबांनी स्थळप्रत उघडली. वाचली. बाईंची नऊ वर्षांची नोकरी बाकी होती. दोन कारकून एकमेकांकडे बघत होते, आणि ती भाषा त्या दोघांनाच कळत होती.

"'अन्य कोणत्याही प्रकारे' राहिलं," साहेब शेवटी म्हणाले.

"राहतं कधी कधी," बाबा म्हणाले.

साहेबांनी प्रत खिशात घातली आणि पहिल्या रांगेत, मधोमध जाऊन बसले.

मी ठेका सुरू केला. बाई मंचावर आल्या, माइकशी उभ्या राहिल्या, समोर पाहिलं, आणि थांबल्या. त्यांची सुरुवात व्हायची जागा आली आणि गेली. मला वाटलं, पुढच्या फेरीला घेतील. पुढची फेरीही गेली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. केबिनमध्ये त्यांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून असते. समोर वेळापत्रक, पाठीमागे माणसं. चोवीस वर्षांत रोज हजारो लोकांशी बोललेल्या बाईंनी माइकवर बोलताना ऐकणाऱ्याचं तोंड कधी पाहिलंच नव्हतं.

अशा वेळी डीजेनं एकच करायचं असतं: ठेका पडू द्यायचा नाही. माझ्याकडे दोन यंत्रांवर त्याच तबकडीच्या दोन प्रती होत्या. एकीवरचा तुकडा संपत आला की दुसरीवर तोच सुरू करायचा, तेवढ्यात पहिली हातानं मागे फिरवायची, की पुन्हा पहिली. मी हे सहा मिनिटं केलं. घाम कोपरावरून गळायला लागला. डॉक्टरांना वाटलं गाणं संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. फोनकाका उभे राहून ओरडले, "माइकची वायर बघा!"

मग बाईंनी माइक उचलला, लोकांकडे पाठ केली, मागच्या भिंतीला तोंड केलं, आणि सुरू झाल्या. एकही शब्द हलला नाही. उशिराची गाडी आली, रद्द झालेली आली, हरवलेली पिशवी आली, मुलाला शोधणारी आई आली. चालकांचे बूट जमिनीवर पडायला लागले. फक्त शेवटची ओळ बाई इतक्या हळू म्हणाल्या की ती भिंतीलाच काय ती कळली असेल. मी ठेका थांबवला. त्या तशाच पाठमोऱ्या उभ्या.

स्थानकप्रमुख उठले. पायऱ्या चढून मंचावर आले आणि भिंत आणि बाई यांच्या मधे जाऊन उभे राहिले.

"मागच्या रांगेला शेवटचं ऐकू आलं नाही," ते म्हणाले.

"हो, साहेब."

"घोषणा पुन्हा करावी लागते. नियम आहे."

"भिंतीकडे बघून करते."

"लोकांसाठी असते ती," साहेब म्हणाले. "लोकांकडे बघा."

बाई वळल्या. मी सुई हलकेच शेवटच्या कडव्यावर ठेवली.

*फलाट सारे पाठ मला, वळून कुणी पाहिलं नाही,*
*सगळ्या गाड्या मीच सोडल्या, एकीतही मी बसले नाही.*

ठेका संपला. मागच्या रांगेतला एक जाडजूड चालक टोपी काढून उभा राहिला.

"बाई," तो तिथूनच म्हणाला, "उद्या सकाळी साडेसहाची माझी आहे. खिडकीची जागा ठेवतो."

"साडेसहाची," बाई माइकमध्येच म्हणाल्या, "आजवर एकदाही वेळेवर सुटलेली नाही."

सभागृह हसून कोसळलं. साहेब आपल्या बुटांकडे बघत होते. हशा ओसरल्यावर त्यांनी घसा साफ केला. "रजेचा अर्ज देऊन जा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई गेल्या. शेवटच्या थांब्यापर्यंत गेल्या आणि त्याच गाडीनं परत आल्या. मी त्यांना सोडायला स्थानकावर गेलो होतो. गाडी पंचवीस मिनिटं उशिरा सुटली. तिची घोषणा करायला कुणी नव्हतं, म्हणून ती स्थानकप्रमुखांनी स्वतः केली. तालात अजिबात नव्हती.